मुलाची गाडी आणि वडिलांचा पैसा

मुलगा कमावता झाला की घरात दोन विषय निघतात, लग्नाचा आणि गाडीचा. पुण्या-मुंबईला नोकरीस लागलेला पंचविशीतला मुलगा पगारात हप्ता बसतो का ते पाहतो आणि सुरुवातीची रक्कम वडिलांकडे मागतो. ती द्यावी की नाही?

वडील देण्यास बांधील नाहीत, हे आधी स्पष्ट असावे. सज्ञान, धडधाकट मुलाच्या खर्चाचा भार शरिअतने वडिलांवर टाकलेला नाही. तरीही ऐपत असल्यास द्यावी, असे आमचे मत आहे आणि त्याचे कारण व्याज हे आहे. पाच लाखांचे कर्ज दहा टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर महिना सुमारे 10,624 रुपये हप्ता पडतो आणि नुसत्या व्याजापोटी 1 लाख 37 हजार जातात. गाडीची किंमत तोवर निम्म्यावर आलेली असते, ते वेगळेच. पैशाचे नुकसान एकवेळ सोडून देऊ, पण व्याज घेण्याप्रमाणेच देणेही निषिद्ध आहे. आपल्या देशात इस्लामी बँकेची सोय नाही. तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने 2017 साली ठरविले. मोजक्या बिनव्याजी पतसंस्था सोडल्या तर मुलाला बिनव्याजी पैसा मिळण्याचे ठिकाण त्याचे घरच आहे.

मात्र आपल्याकडे चूक होते ती पुढे. पैसे दिले जातात, पण कोणत्या नात्याने दिले हे कोणीच बोलत नाही. बापलेकांत कसला हिशेब, असे म्हटले जाते. वडील हयात असेपर्यंत ते चालते. त्यांच्या पश्चात तरक्याची वाटणी निघाली की धाकटा भाऊ म्हणतो, थोरल्याला गाडीसाठी तीन लाख दिले होते ते धरा. थोरला म्हणतो, ती अब्बांची भेट होती. कागद कोणाकडेच नसतो. रक्कम कर्जे हसना असेल तर ती वसूल होऊन सर्व वारसांत वाटली गेली पाहिजे, हिबा असेल तर तिचा तरक्याशी संबंध नाही. इतका फरक एका न बोललेल्या शब्दाने पडतो.

कर्ज असेल तर सूरह बकराची 282 वी आयत पुरेशी स्पष्ट आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. त्यात बापलेकांना सूट दिलेली नाही.

हिबा असेल तर दुसरा प्रश्न येतो, बाकीच्या मुलांचे काय? हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे का, असे प्रेषितांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्यांनी साक्षी होण्यास नकार दिला. बुखारी व मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. ही समानता अनिवार्य की केवळ पसंत, यात इमामांचा मतभेद आहे. पण मुलीला लग्नात दिले ते पुरे, असे म्हणून तिला गप्प बसविणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. दिलेली भेट परत मागण्याबाबतही सारख्या समजुतीने चालता येत नाही. कोकणातील आपले शाफई बांधव मुलाला दिलेली भेट परत घेऊ शकतात, हनफी पित्याला ताबा दिल्यानंतर तसे करता येत नाही.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हेही आधी ठरवावे. पुष्कळ वडील पैसे आपले म्हणून नोंदणीही आपल्या नावे करतात आणि गाडी मुलगा चालवितो. अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली पुन्हा स्पष्ट केले आहे. विम्यात खंड पडला असेल तर निवृत्तीची पुंजी त्यात जाऊ शकते. वापरणाऱ्याच्याच नावे गाडी असावी, विम्याचे पैसेही त्यानेच भरावेत.

आणि रक्कम किती? वडिलांच्या हजची, औषधपाण्याची आणि बिनलग्नाच्या मुलींची तरतूद बाजूला काढून जे उरेल तेवढीच. त्यात नवी गाडी बसत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून चार-पाच वर्षे वापरलेली घ्यावी. टेम्पो किंवा टॅक्सी घेऊन धंदा करू पाहणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला वडिलांनी कर्जाऐवजी भागीदार म्हणून पैसे द्यावेत आणि नफ्यातला हिस्सा ठरवून घ्यावा.