रेणूंची घडी

येवल्याच्या पैठणीची घडी एकदम मोडत नाहीं. एकेक पट सुटत जातो. कित्येक प्रथिनांच्या रेणूंचेंहि असेंच आहे. आमटींतल्या मिठाची गोष्ट निराळी; परंतु ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड या लवणाच्या तीव्र द्रावणांत तीं प्रथमतः अर्धवट उलगडतात व नंतर पूर्ण. घडी पुन्हां बसतांनाहि अशी मधली पायरी येते. ती डॉ. जयंत उदगांवकर व रॉबर्ट बाल्डविन यांनीं १९८८ सालीं रिबोन्यूक्लिएज या प्रथिनांत दाखविली. उदगांवकर पुढें पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झाले. अर्ध्या घडीचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होऊं शकतात. वार्धक्यांतील कित्येक स्मृतिभ्रंशांत मेंदूंत प्रथिनांच्या अशाच गुठळ्या सांपडतात. तेव्हां घरांतील आजोबा नातवंडांचीं नांवें वारंवार विसरूं लागले, तर ‘वय झालें’ म्हणून हंसण्यावारी नेऊं नये, डॉक्टरांस दाखवावें.