फॉरवर्ड करण्यापूर्वी तीन प्रश्न

“संशोधनातून सिद्ध झालं आहे” एवढं वाक्य असलं की मोबाइलवर आलेली गोष्ट आपल्याला खरी वाटू लागते. पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येतं, ही अफवा उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. लस आई-वडिलांनी नाकारली, धोका मुलांच्या वाट्याला आला.

छापून आलेला शोधनिबंधही डोळे झाकून मानू नये. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून एमएमआर लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला. इतर संशोधकांना लाखो मुलांच्या पाहणीत तो आढळला नाही. एका पत्रकाराने नोंदींतले फेरफार उघड केले आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला. विज्ञानावर विश्वास ठेवायचा तो यासाठीच: चूक शोधणं हा तिथे कामाचाच भाग आहे.

ही वृत्ती आपल्याला परकी नाही. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी टॉलेमीसारख्या मान्यवरावरच्या शंका मांडणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

म्हणून चार-पाच मित्रमैत्रिणींचा अभ्यासगट करा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत; संख्याशास्त्रापासून सुरुवात करा. दावा आला की विचारा: मूळ निबंध कुठे आहे? पाहणी किती जणांची होती? दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळाला का? उत्तर मिळेपर्यंत फॉरवर्ड करू नका. लस घ्यावी का, हे मोहल्ल्यातले वडीलधारे शिकलेल्या पोरांनाच विचारतात.