पुरस्काराची फाईल आणि शाळेचा हिशेब

शाळांना पुरस्कार देण्याची एक लाटच अलीकडे आलेली आहे. केंद्र शासनाने २०१६ साली ‘स्वच्छ विद्यालय पुरस्कार’ सुरू केला. महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान लाखांच्या पारितोषिकांसह हाती घेतले. त्याखेरीज निरनिराळ्या खासगी संस्था, उद्योगसमूह व परदेशी प्रतिष्ठाने ‘शिक्षणातील शाश्वतता’ या नावाने सन्मान देऊ लागली आहेत. या साऱ्याकडे नाक मुरडून पाहण्याची आपल्या काही साथींची प्रवृत्ती आहे. पुरस्कार म्हणजे देखावा, आणि देखाव्याशी आपल्याला काय कर्तव्य, असा त्यांचा सवाल असतो. प्रस्तुत लेखकाचेही मत बरेच दिवस तसेच होते. ते बदलण्यास जे निमित्त झाले, ते येथे सांगणे अवश्य वाटते.

माणदेशातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक गेल्या श्रावणात आमच्याकडे आले. त्यांची शाळा अशाच एका पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती. आता अंतिम प्रस्ताव पाठवावयाचा होता: ठरावीक शब्दांत निवेदन, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे, एक लहानसा चित्रपट आणि ‘प्रभावाचे मोजमाप’ दाखविणारा तक्ता. गुरुजींनी फाईल पुढे ठेवली. “सर, भाषा तेवढी पाहून द्या,” म्हणाले.

फाईल मोठी देखणी होती. छपरावरची सौर तावदाने, भिंतींवर रंगविलेले जलचक्र, गांडूळखताची टाकी, हात धुण्याच्या नळांची रांग, परसबागेतील वांगी. प्रत्येक पानावर मुले हसत होती. मुलांच्या स्वच्छतागृहाचे छायाचित्र तर एखाद्या पाहुणचाराच्या बंगल्याला शोभावे असे. आम्ही सहज विचारले, “हे धुतो कोण?” गुरुजी म्हणाले, “मावशी आहेत ना एक.” मावशींना देता काय? गुरुजी क्षणभर थांबले. महिन्याला ठरलेली रक्कम आहे, पण तीन महिन्यांची द्यायची राहिली आहे. अनुदान आले की देऊ. संपूर्ण फाईलमध्ये मावशींचे नाव कोठेच नव्हते. सौर तावदानांची बॅटरी वर्षापूर्वी बसली होती, हेही नव्हते.

गुरुजींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या पदावर शासनाने माणूसच नेमलेला नाही, त्या पदाचे काम ते पदरमोड करून चालवीत आहेत. परंतु ‘शाश्वत’ या शब्दाचा काही अर्थ असेल, तर तो नेमका येथेच तपासला पाहिजे. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने हा शब्द जगाच्या व्यवहारात रूढ केला, तेव्हा त्यात उद्याच्या पिढ्यांच्या गरजांची काळजी होती. ज्या स्वच्छतागृहाचा पुढच्या महिन्याचा खर्च कोण करणार हे ठाऊक नाही, त्याला उद्याच्या पिढ्यांच्या हिशेबात कोठे बसवावयाचे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील दुखणे चटकन ओळखता येते. खर्च दोन प्रकारचे असतात, भांडवली आणि आवर्ती. भांडवली खर्चाचे उद्घाटन होते, त्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसते. आवर्ती खर्चाला पाटी नाही. झाडू, फिनेल, नळाचा वॉशर, बॅटरीतले पाणी, विजेचे बिल आणि मावशींचे वेतन यांचे फीत कापून उद्घाटन करता येत नाही, म्हणून त्यांना दाताही मिळत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. शिक्षण आणि पर्यावरण हे दोन्ही विषय त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे शाळांच्या छपरांवर तावदाने आली, अंगणात जलशुद्धीकरणाची यंत्रे आली. ती बंद पडल्यावर दुरुस्त कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र देणगीपत्रात क्वचितच लिहिलेला असतो. घसारा नावाची गोष्ट जणू कारखान्यांनाच लागू आहे, शाळांना नाही!

आणि शासन काय देते? समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाच्या प्रमाणात संयुक्त अनुदान मिळते. शंभरहून अधिक आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेसाठी ते वर्षाला ५०,००० रुपये ठरलेले आहे. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावेत, असे योजनाच सांगते. म्हणजे झाले ५,००० रुपये. शिक्षण हक्क कायद्याने वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी वर्षाचे २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. भागाकार करून पाहावा: दिवसाला २३ रुपयेसुद्धा होत नाहीत. दीडशे मुलांची स्वच्छतागृहे दिवसाला २३ रुपयांत कोण धुऊन देईल? १० टक्के ही किमान मर्यादा आहे, शाळेने अधिक खर्च करावा, असे कोणी म्हणेल. करावा की! परंतु उरलेल्या रकमेतच खडू, कागद, दुरुस्ती, वीज हे सारे बसवावयाचे असते, आणि ती रक्कमही वर्षारंभी एकहाती पदरात पडते असे नाही. वीजबिल थकून जोडणी तोडल्या गेलेल्या शाळांच्या बातम्या आपण गेली कित्येक वर्षे वाचीत आहोत.

हा हिशेब कोणत्याही पुरस्काराच्या अर्जात मागितलेला नसतो, हे म्हणणे पूर्णतः न्यायाचे होणार नाही. स्वच्छ विद्यालय पुरस्कारात पाणी, स्वच्छतागृह, साबणाने हात धुणे यांच्याबरोबर ‘चालन व देखभाल’ असाही एक विभाग आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचा हरित शाळा कार्यक्रम तर याहून पुढे गेलेला आहे. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा विषयांत शाळेची तपासणी तेथे मुले स्वतः करतात. मोजमाप मुलांचे, आकडेही मुलांचे, आणि त्यावरून शाळेला हिरवा, पिवळा, नारिंगी वा लाल रंग मिळतो. आपली शाळा लाल आहे, हे मुलांनीच शोधून काढणे यात जे शिक्षण आहे, ते भिंतीवरच्या जलचक्रात नाही.

आम्ही गुरुजींना सुचविले की, सातवीच्या मुलांना गळक्या नळाखाली बाटली धरावयास सांगा. त्यांनी ते केले. लिटरची बाटली वीस मिनिटांत भरली. तासाला ३ लिटर, दिवसरात्र धरून ७२ लिटर. दिवसशाळेसाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी असावे असे भारतीय मानक आहे. म्हणजे एका नळाने दीड मुलाहून अधिक पाणी नुसते गळून जात होते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथील मुलांना हा भागाकार समजावून सांगावा लागला नाही. वॉशर दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या वडिलांनी बसविला.

येथे एक जुना प्रसंग मनात येतो. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा आम्ही काही गावे पाहिली होती. समिती येणार म्हणून रात्रभर गाव झाडलेले, कुंपणांना गेरू लावलेला. लोकांनी एकत्र येऊन केलेले ते श्रम खोटे नव्हते. त्यातून काही गावे कायमची बदललीही. पण समितीची गाडी वळणाआड गेल्यावर झाडू कोणाच्या हाती राहिला, हे पाहावयास परत कोणी आले नाही. तो बहुतेक ठिकाणी ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांच्याच हाती राहिला. शाळांचेही असेच आहे. ‘विद्यार्थ्यांचा स्वच्छतेत सहभाग’ या मथळ्याखाली जी छायाचित्रे असतात, त्यांत झाडू कोणत्या मुलांच्या हाती आहे आणि मोजपट्टी कोणत्या, हे जरा निरखून पाहावे. सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये सफाई हा शिक्षणाचा भाग होता, पण ती गुरू-शिष्य सर्वांनी मिळून करावयाची होती. मुलींनी वर्ग झाडावा आणि मुलांनी हातपंपावर छायाचित्र काढून घ्यावे, याला सहभाग म्हणता येणार नाही.

शिक्षकांच्या वेळेचाही हिशेब कोणी करीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांवर टाकता येतात. पुरस्काराच्या फाईली त्यात कोठे बसतात? कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. त्या कुरणशाळेला कोणी ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे मागितली असती, तर दोन्हींत गवत, गुरे आणि मुलेच दिसली असती. असो.

तरीही अंतिम फेरीचा प्रस्ताव ही टाकून देण्याची संधी नव्हे, असे आता आमचे मत झाले आहे. एरवी शाळेने वर वारंवार लिहिलेली पत्रे कोणी वाचीत नाही. हा प्रस्ताव परीक्षक वाचतात, तालुक्याचे अधिकारी वाचतात, गाव वाचते. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात, आणि शाळा विकास आराखडा करणे हे त्याच समितीचे काम आहे. आपले अनेक कार्यकर्ते अशा समित्यांवर आहेत. मुख्याध्यापक प्रस्ताव लिहावयास बसतील तेव्हा त्यांनी शेजारी बसावे आणि वही उघडावी. पाणी कोठून येते, किती येते, उन्हाळ्यात काय होते. तावदानांनी गेल्या वर्षी किती वीज दिली आणि बिल खरोखर किती उतरले. कोणती यंत्रे बंद आहेत, किती दिवसांपासून. स्वच्छतागृह कोण धुते, तिला किती मिळते, कोणत्या शीर्षाखाली मिळते. मुली पाळीच्या दिवसांत शाळेत येतात की नाही. हे सारे गावसभेत एकदा मोठ्याने वाचावे आणि मग फाईलमध्ये घालावे.

गुरुजींना आम्ही हेच सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “सर, हे लिहिले तर गुण जातील.” जातीलही. शाळेला पारितोषिक मिळाले असते तर त्यातून बॅटरी आली असती, कुंपण झाले असते. त्या पैशाची निकड आम्हाला नव्हती, त्यांना होती. पेन्शनीत निघालेल्या माणसाने दुसऱ्याच्या शाळेच्या जिवावर तत्त्वनिष्ठ होणे सोपे असते, हे आम्ही त्यांच्यापाशी कबूल केले. शेवटी ठरले ते असे की, दोन्ही मसुदे समितीपुढे ठेवावेत.

सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. देखण्या मसुद्याच्या बाजूने बरेच जण होते. एका पालक बाईंनी एवढेच विचारले की, मावशींचे पैसे द्यायचे राहिले आहेत हे परीक्षकांना कळू नये, की आम्हाला कळू नये? बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर एक पान वाढविण्याचे ठरले. त्यावर मावशींचे नाव, कामाचे तास, ठरलेली व मिळालेली रक्कम, बसलेल्या बॅटरीचा दिनांक आणि सातवीच्या मुलांचा नळाचा तक्ता आहे. ‘शाळेच्या अपेक्षा’ या रकान्यात पहिली मागणी लिहिली आहे ती स्वच्छतेच्या कामासाठी वेतनासह मंजूर पदाची, आणि तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्राने गेली आहे.

पत्राचे उत्तर आलेले नाही. पुरस्काराचा निकालही लागावयाचा आहे. मावशींचे तीन महिन्यांचे पैसे दिवाळीपूर्वी मिळाले; ते अनुदानातून नव्हेत, चार शिक्षकांनी वाटून घेऊन दिले.