कुरआनावर हात ठेवायला लावू नका

मागच्या महिन्यात धुळ्याला आपाकडे गेले होते. संध्याकाळी क्लासच्या सरांचा फोन आला, भाच्याची फी अजून जमा झालेली नाही. सातशे रुपये आपाने आठ दिवसांपूर्वीच त्याच्या हातात दिले होते आणि "सरांना दिले" असं त्याने सांगितलंही होतं. अकरा वर्षांचा पोरगा. पैसे मोबाईलवरच्या गेममध्ये गेले हे घरात सगळ्यांना दहा मिनिटांत कळलं, कारण गल्लीतल्या दुकानदारानेच त्याला रिचार्ज मारून दिला होता. म्हणजे विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी दुल्हेभाईंनी कपाटावरून जुजदानात ठेवलेला कुरआन शरीफ उतरवला, पोराला वजू करायला लावलं आणि घरभर पाहुणे बसलेले असताना म्हणाले, "हात ठेव आणि सांग."

त्याने हात ठेवला आणि सांगितलं, "रस्त्यात पडले."

मग तौबा तौबा सुरू झालं. कुरआनावर खोटं बोलला, आता हा वाया गेला, याच्या जिभेला जहन्नममध्ये काय काय होईल. जो तो आपापल्या परीने सांगत होता. पोरगा भिंतीला टेकून उभा.

मला राग आला तो मोठ्यांचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे की तिघांवरून कलम उचललेलं आहे, त्यात एक वयात न आलेलं मूल. म्हणजे त्या पोराच्या नावावर ती शपथ लिहिलीच गेली नाही. पण उत्तर आधीच माहीत असताना ज्यांनी अल्लाहच्या कलामाला खोटं पकडायचं यंत्र बनवलं, त्यांच्यावरून कोणी कलम उचललेलं नाही. एका बाजूला वडिलांचा हात, दुसऱ्या बाजूला कुरआन, आणि मधे अकरा वर्षांचं पोर. समोर दिसणाऱ्या हाताची भीती त्याला जास्त वाटली, यात नवल काय? त्या संध्याकाळी तो एवढंच शिकला की कुरआनावर हात ठेवून खोटं बोललं तरी काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलाला घेऊन एसटीने जळगावला परत निघाले. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, नेहमीचा रस्ता. डोक्यात दुल्हेभाईंशी भांडण चालूच होतं. बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, ते मी काढलं. मुलाचंही अर्धंच मागितलं. कंडक्टरने वय विचारलं. पाच ते बारा अर्धं, हा नियम मला पाठ आहे. मुलाला बारा पूर्ण होऊन चार महिने झालेत, हेही पाठ आहे. मी म्हटलं, "बारा व्हायचेत अजून." मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला, पारोळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असतानाची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. आईने त्यांना हाक मारली, ये, तुला काहीतरी देते. प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसलेले होते. त्यांनी आईला विचारलं, काय द्यायचं मनात होतं? ती म्हणाली, खजूर. प्रेषितांनी सांगितलं की काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. जाब आईला विचारला गेला, मुलाला नाही. आणि तोही मुलाच्या कानांदेखत, नाहीतर ही हदीस आपल्यापर्यंत आली कशी असती? आपल्या घरी मात्र "सांग, अब्बा घरी नाहीत" हे वाक्य मुलाला कलम्याच्या आधी पाठ होतं.

पारोळ्याहून अमळनेर जवळच. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. मुलांनी अंथरुणं तशीच टाकून दिली की गुरुजी न बोलता स्वतः घड्या घालून ठेवत. काही दिवसांनी मुलं आपणहून घालू लागली. याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहून पैगंबरांचं चरित्र मराठी घरांत नेलं. आपल्या खान्देशातला हा माणूस मुलांच्या बाबतीत जे करत होता ते आपल्या बयानांत का ऐकू येत नाही? तिथे ऐकू येतं, सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी मारा. ती हदीस नमाजविषयी आहे. तीन वर्षं सांगत राहिल्यानंतरची आहे. खोटं पकडल्यावर पट्टा काढायचा परवाना म्हणून ती वापरणाऱ्यांनी ही तीन वर्षं कुठे गेली ते आधी सांगावं.

"मग काय, सोडून द्यायचं?" हा प्रश्न मला आपाने विचारला आणि तो बरोबर आहे. सोडून द्यायचं नाही. सातशे रुपये फेडायला लावायचे, खाऊच्या पैशांतून, भले सहा महिने लागोत. मोबाईल काढून घ्यायचा. पण सगळ्या नातेवाइकांना गोळा करायचं नाही. अल्लाह आपले ऐब झाकतो म्हणून आपण रोज शुक्र करतो आणि आपल्याच मुलाचा ऐब खालापासून फुफीपर्यंत सगळ्यांना दाखवतो.

आणि भरवसा? दुल्हेभाई म्हणतात, आता याच्या हातात एक रुपयाही देणार नाही. ते स्वतः कापसाचा व्यापार करतात. एकदा पैसे अडकवलेल्या माणसाशी पुन्हा व्यवहार कसा सुरू करतात हे त्यांना मी शिकवायला नको. आधी थोडा माल, तो चुकता झाला की जरा जास्त. बाजारातल्या परक्या माणसाला जी सवलत मिळते ती पोटच्या पोराला नाही?

सूरह यूसुफ आठवा. याकूब (अलै.) यांच्या मुलांनी लांडग्याचं खोटं रचलं, खोट्या रक्ताचा सदरा आणून दाखवला. पुढे तीच मुलं धाकट्याला मागायला आली, तेव्हा बापाने जुनी गोष्ट लपवली नाही. याच्या भावाच्या वेळी ठेवला तसाच भरवसा पुन्हा ठेवू का, असं तोंडावर विचारलं. तरीही पाठवलं. अल्लाहच्या नावाने वचन घेतलं, आणि त्या वचनातच मोकळीक ठेवली की तुम्ही घेरलेच गेलात तर गोष्ट वेगळी. शपथ अशी घेतात. पुढच्या कामासाठी, आणि माणूस कुठे अडकू शकतो याची जागा ठेवून. मागची चोरी वदवून घ्यायला नाही.

सध्या दुल्हेभाई पोराशी बोलतही नाहीत. मी काही म्हटलं की कअब बिन मालिक (रजि.) यांचा दाखला देतात, तबूकच्या मोहिमेला गेले नाहीत म्हणून पन्नास दिवस त्यांच्याशी कोणी बोललं नाही. दाखला पुरा वाचावा. कअब प्रौढ होते, आणि खोटी सबब सांगण्याची सोय असताना खरं बोलले होते. ते सांगतात की मी नमाजकडे वळलो की प्रेषित माझ्याकडे बघायचे. बोलणं बंद होतं, नजर बंद नव्हती. पन्नास दिवसांनी ते संपलं आणि मशिदीत तल्हा (रजि.) त्यांच्याकडे धावत आले. आणखी एक, याच दिवसांत गस्सानच्या राजाचं पत्र आलं होतं, तुझ्या माणसांनी तुला टाकलं, आमच्याकडे ये. कअबनी ते भट्टीत टाकलं. अकरा वर्षांच्या पोराला तसलं पत्र गल्लीच्या कोपऱ्यावरून रोज येतं, आणि त्याने ते भट्टीत टाकावं एवढा ईमान आपण त्याच्याकडून कशाच्या जोरावर मागतो?

मी माझ्या मुलाला घरी आल्यावर सांगितलं की बसमध्ये मी खोटं बोलले. तो म्हणाला, "माहितीये." पुढच्या वेळी त्याचं पूर्ण तिकीट काढलं, वय त्यालाच सांगू दिलं.

दुल्हेभाई हे वाचतील, आपा वाचून दाखवेल. एक तारखेला क्लासची फी पुन्हा भरायची आहे. ती पोराच्याच हातात द्या.