तूप सुटले, तरी पोट सुटले

पांडेसऱ्यात आमचे एक मामेभाऊ राहतात. आम्ही सर्व त्यांना दादा म्हणतो. धुळे जिल्ह्यातून ते तरुणपणी सुरतेस आले आणि पस्तीस वर्षे यंत्रमागावर उभे राहिले. उभे राहिले, हे शब्दशः खरे. बारा तासांच्या पाळीत मागांच्या रांगांमधून येरझारा घालायच्या, तुटला धागा जोडायचा, बॉबिन बदलायची. त्या काळी त्यांचे पोट पाठीला लागलेले असे. आज वय ६७. हातपाय अजून तसेच काटकुळे आहेत. सदऱ्याच्या गुंड्या मात्र पोटावर ताणतात. गेल्या वर्षी रक्त तपासले, तेव्हा ट्रायग्लिसराइड्स ३८६ निघाली. वहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "चार वर्षे झाली, यांनी तुपाचा थेंब घेतला नाही हो!"

वहिनींचे म्हणणे खरे होते, आणि घोटाळाही तिथेच होता. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी. दर शंभर मिलिलिटर रक्तामागे ती १५० मिलिग्रॅमच्या आत असावी. दोनशेच्या पुढे ती अधिक समजतात आणि पाचशे ओलांडली की स्वादुपिंडास सूज येण्याचे भय असते. ही चरबी केवळ तुपातेलातून येते, असा आपला समज. वस्तुतः गरजेहून अधिक खाल्लेले पिष्ट आणि साखर यांचेही यकृत चरबीत रूपांतर करते आणि ती रक्तात सोडते. पोटाच्या आत साठलेली चरबी यकृताच्या अगदी शेजारी. तीही त्यात आपली भर घालीत राहते.

दादांचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्किटे, नऊ वाजता खमण नाहीतर पोहे, दुपारी चार भाकऱ्या आणि वर भात, मग झोप. चारला पुन्हा चहा, सोबत वाटीभर फरसाण. दिवसाकाठी सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसती चहातून! एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीस साजेसा. ज्वारीची भाकरी गुणाची खरी, परंतु मागावर उभ्या माणसाच्या चार भाकऱ्या खाटेवर बसलेल्या माणसालाही चारच लागाव्यात काय? नोकरी सुटली, ताट तेवढेच राहिले. त्यात वयाबरोबर स्नायू झिजतात. रक्तातली साखर आणि चरबी खर्च करणारे मोठे गिऱ्हाईकच कमी होते.

"पण यांचे वजन फारसे नाही," असेही वहिनी म्हणाल्या. वजनकाटा आपल्या लोकांना फसवितो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून काट्याइतकीच शिंप्याची टेप घरात असावी. सरळ उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्यावे. पोट आत ओढू नये. टेपेशी लबाडी करून लाभ नाही. भारतीय पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. दादांचे माप १०४ भरले. वहिनींनी स्वतःचे माप घेण्याचे मात्र टाळले.

उपाय साधेच निघाले. चहा तीन कप, बिनसाखरेचा. भाकऱ्या दोन, सोबत मटकी वा मुगाची उसळ, भाजी आणि ताक. उपाशी राहून वजन उतरविण्यास आम्ही सक्त मनाई केली, कारण या वयात चरबीबरोबर स्नायूही जायचे. रात्रीचे जेवण आठला. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालणे; मालमोटारींच्या वर्दळीतून नव्हे, आपल्याच गच्चीवर. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे. मद्यानेही ही चरबी झपाट्याने वाढते. गुजरातेत दारूबंदी आहे खरी, पण ज्याचे त्याला ठाऊक. मधुमेह, थायरॉइडचे आजार, मूत्रपिंडाचे विकार आणि काही औषधेही कारण असू शकतात. म्हणून डॉक्टरांनी तीही तपासणी केली. चालू गोळ्या मनाने थांबवू नयेत, हे त्यांनी दोनदा बजावले.

चार महिन्यांनी आकडा २१२ वर आला, कंबर ९९ वर. दादांना अजून बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागतो आणि ते दर सकाळी तसे बोलून दाखवितात. आता डॉक्टरांनी पुढची तपासणी दिवाळीनंतर ठेवली आहे. फराळाच्या डब्यांचे काय करायचे, हे वहिनींचे अद्याप ठरलेले नाही.