पाण्याची वेळ सांगणारा रेडिओ

मेहरूणला नळाला पाणी येतं तेव्हा घरात कोण जागं असतं, हे शोधायला सर्वेक्षण करावं लागत नाही. पिंप-हंडे भरायचे, डबे करायचे, पोरांना शाळेत धाडायचं आणि मग डाळमिलचा नाहीतर चटईच्या कारखान्याचा रस्ता धरायचा. उन्हाळ्यात त्यात बिबड्या-पापडांच्या वाळवणाची भर. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, मोकळा राहतो तो कान. टीव्हीपुढे बसावं लागतं, पेपर हातात धरावा लागतो. रेडिओ मात्र बाईच्या मागे मागे घरभर फिरतो. हे आपल्या चळवळीपेक्षा जाहिरातदारांनी आधी ओळखलं.

जळगावला आकाशवाणीचं केंद्र आलं ते सत्तरच्या दशकात. आकाशवाणीच्या महिलांच्या कार्यक्रमांवर आपण पुष्कळ टीका केली आणि ती रास्तच होती. लोणच्याची कृती, बाळाचं संगोपन आणि आदर्श गृहिणी, यांपलीकडची बाई तिथे क्वचित भेटायची. पण खानदेशातलं केंद्र म्हणून आपली बोली, आपलं शेत, आपली ओवी कानावर पडायची, हेही तितकंच खरं. सरकारी असलं तरी ते बाईला गिऱ्हाईक समजत नव्हतं.

मग 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची एकट्याची मक्तेदारी असू शकत नाही. सार्वजनिक म्हणजे तुमची-माझी, असं आपल्याला वाटणार. सरकारने त्याचा अर्थ लिलाव असा लावला. 2001 मध्ये बंगळूरला देशातलं पहिलं खाजगी एफएम केंद्र सुरू झालं. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क इतकं जबर होतं, आणि दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणारं, की जळगाव-धुळ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. 2005 च्या धोरणात ठरीव शुल्काऐवजी उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा घ्यायचं ठरलं आणि मग लहान शहरंही व्यापाऱ्यांच्या हिशोबात बसू लागली. या दुसऱ्या टप्प्यात जळगावला रेडिओ सिटी आली. 2015 च्या लिलावात 'दिव्य मराठी' काढणाऱ्या डी. बी. कॉर्प या कंपनीने जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांसाठी वाहिन्या घेतल्या, आणि तिचं माय एफएम इकडे आलं.

यात चांगलं काही झालंच नाही असं म्हणणार नाही. लहान गावातली मुलगी स्वतःच्या आवाजावर पगार मिळवते, ठसक्यात बोलते, मोठ्याने हसते, आणि सगळं गाव ते ऐकतं. जिथे मुलीचं मोठ्याने हसणं घरात टोकलं जातं, तिथे ही गोष्ट लहान नाही. पण ती मुलगी दिवसभर बोलते काय? हिंदी सिनेमाची गाणी, सराफांच्या, साडीच्या दुकानांच्या, क्लासेसच्या जाहिराती, आणि मधूनमधून नवरा-बायकोचे शिळे विनोद. केंद्राच्या नावापुढे गावाचं नाव लागलं. गावाची भाषा, गावाचं भांडण आत आलं नाही.

आता याचा सगळा दोष मालकांच्या माथी मारणं सोपं आहे. पण यामागे सरकारचा एक नियम आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्याजणींना ठाऊक असतो. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची आणि चालू घडामोडींवर बोलण्याची बंदी घातली गेली. 2011 च्या धोरणाने एवढीच सूट दिली की आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतील; आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल यांची माहिती, तसंच वीज-पाण्याबद्दल स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या सूचना, यांना 'बातमी' समजलं जाणार नाही.

प्रशासनाने पुरवलेल्या! म्हणजे वाघूर धरणाचं पाणी उद्या कोणत्या भागात किती वाजता येणार, हे निवेदिका सांगू शकते. ते आलं का नाही, जलवाहिनी किती वेळा फुटली, दुरुस्तीचे पैसे कुठे गेले, हे तिने विचारलं की ती बातमी झाली. पाण्याची वेळ सांगा, पाण्याचा जाब विचारू नका. घरातही बाईला हेच सांगितलं जातं, नाही का?

हीच बातमी पेपरात मात्र छापता येते. एकाच मालकाचा पेपर बोलू शकतो आणि त्याचाच रेडिओ गप्प बसतो. पेपर कोण वाचतं? चहाच्या टपरीवर, पारावर, सलूनमध्ये बसायला ज्याला वेळ आणि मुभा आहे तो. ज्या बाईला अक्षरओळख नाही, किंवा आहे पण दुपारपर्यंत पाठ टेकायला सवड नाही, तिच्या वाट्याला कान तेवढा येतो, आणि सरकारने बंदी घातली ती कानावर. कायद्यात बाईचं नावही नाही. तरी फटका तिलाच बसतो.

जळगावला तर हे अधिक बोचायला हवं. 1994 साली इथलं वासनाकांड उघडकीला आलं. मुलींना फसवून, धमकावून त्यांचं शोषण झालं होतं, आणि कितीतरीजणी बदनामीच्या धास्तीने तक्रार द्यायला पुढेच आल्या नाहीत. गावात कुजबुज भरपूर होती. मुलीच्या बाजूने उघड बोलणारा आवाज हवा होता. तेव्हा गावात खाजगी रेडिओ नव्हता. असता आणि आजचे नियम असते, तरी त्याने त्या दिवशीही गाणीच लावली असती.

दुसरी वाट बायकांनी दाखवली आहे. 2008 साली आताच्या तेलंगणातल्या जहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला, आणि साताऱ्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' उभं राहिलं. बियाणं, बाजार, बचत, आजार, सगळं आपल्या बोलीत. पण सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्यांची मनाई करण्यात आली, शिवाय ते चालवायला पदरमोड करणारी संस्था पाठीशी लागते. म्हणून बाजारू केंद्रांवरचा हक्क सोडून आपण बाजूला एक चूल मांडावी, हे मला पटत नाही. लहरी सार्वजनिक आहेत ना? मग त्या भाड्याने घेणाऱ्याने गावाचं देणं दिलं पाहिजे.

2023 मध्ये ट्रायने शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला 10 मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. तो निर्णय बोलीच्या रकमेचा आणि 4 टक्के शुल्काचा होता. ही 10 मिनिटं मागायला रेडिओ कंपन्यांच्या संघटनेने दिल्लीला जावं आणि आपण घरी बसावं, असं का? कंपन्या त्यांच्या धंद्यासाठी मागतील. आपण मागताना अटी घालू: त्या 10 मिनिटांत मुंबईहून आलेली बातमी नको, इथली हवी, अहिराणीत, लेवा बोलीत हवी, आणि आठवड्यातून एकदा महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला माईकपुढे बसवून मेहरूणच्या बाईचा फोन त्याला जोडून द्यावा.