एका माहेरच्या सात लेकी



चंदनबालेची कथा आपल्या घरांत नव्याने सांगावी लागत नाही. पर्युषणातील व्याख्यानांत ती कानी पडलेली असते. पाठशाळेच्या कार्यक्रमात एखाद्या नातीने हाती सूप धरून ती रंगवलेलीही असते. मात्र बहुधा ती कौशांबीच्या बाजारापासून सुरू होते. एक मुलगी विकावयास उभी आहे आणि धनावह श्रेष्ठी तिला विकत घेतात. ती तेथे कशी आली, हे एका वाक्यात आटोपते. या वेळी त्या एका वाक्यापाशी थांबावेसे वाटते. कारण त्यात एक युद्ध आहे, आणि ते दोन बहिणींच्या घरांमधले आहे.

वैशालीचे गणाधिपती चेटक यांना सात कन्या. प्रभावती सिंधु-सौवीरच्या उदायनाला दिली, पद्मावती चंपेच्या दधिवाहनाला, मृगावती कौशांबीच्या शतानीकाला, शिवा उज्जयिनीच्या प्रद्योताला, आणि ज्येष्ठा प्रभू महावीरांचे वडीलबंधू नंदिवर्धन यांना. सुज्येष्ठेने दीक्षा घेतली. चेल्लणा मगधाच्या श्रेणिकाची राणी झाली. चेटक महाराजांनी विवाह जुळवण्याचाच त्याग केला होता. म्हणून त्यांची अनुमती घेऊन मुलींच्या मातांनी ही स्थळे ठरवली, असे हेमचंद्राचार्य सांगतात. चंदनबालेच्या आईचे नाव कथेत धारिणी असे येते आणि मृगावती तिला आपली बहीण म्हणते. धारिणी आणि पद्मावती एकच की दोन, या वादात येथे शिरत नाही. दिगंबर परंपरेत तर चंदना ही स्वतःच चेटकांची कन्या आहे. नाते कसेही लावा, माहेर एकच राहते.

त्या मातांनी काय हिशेब केला असेल, हे व्यापारी घरांतील बायकांना उमगावे. सोयरीक म्हणजे केवळ दोन जिवांची गाठ नव्हे; ती दोन घराण्यांनी एकमेकांस दिलेली जबान असते. सिंधूपासून मगधापर्यंत लेकी पसरल्या, आता जावई जावयावर शस्त्र उचलणार नाही, एवढा भरवसा त्यांनी बाळगला असेल तर नवल नाही.

शतानीकाने नावांचा ताफा घेतला, नदीमार्गे एका रात्रीत चंपा गाठली आणि झोपेत असलेल्या नगरीवर घाला घातला. चंपा म्हणजे आजच्या भागलपूरजवळची, गंगाकाठची संपन्न व्यापारपेठ. दधिवाहन पळून गेला. विजयी राजाने सैन्यात ‘यद्ग्रह’ पुकारला. अर्थ सरळ आहे: ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचे. वखारी, दागिने, गुरे आणि माणसेही. धारिणी आणि तिची मुलगी वसुमती एका सैनिकाच्या हाती लागल्या. कोणी त्याला उंटवाला म्हणतात, कोणी रथी. वाटेत तो म्हणाला, हिला बायको करीन आणि पोरीला विकीन. ते ऐकताच धारिणीने प्राण सोडला. आपल्याकडे सांगतात त्याप्रमाणे तिने जीभ चावून देह ठेवला. तो मनुष्य भ्याला. ही मुलगीही अशीच जाईल आणि आपले मोल बुडेल, म्हणून तो वसुमतीशी गोड बोलू लागला. युद्धात दया कधी कधी अशा वाटेने येते.

धनावहाने तिला लेक मानले. तो दारी आला असता ती त्याचे पाय धूत होती. केस चिखलात पडू लागले, ते त्याने वर उचलले आणि मूलेने ते पाहिले. पुढचे मुंडण, बेड्या, तीन दिवसांची कोठडी, सुपाच्या कोपऱ्यातले उडदाचे बाकळे आणि उंबरठ्याच्या आत-बाहेर ठेवलेली पावले आपण जाणताच. ५ महिने २५ दिवसांच्या तपाचे प्रभूंचे पारणे तेथे झाले.

पण त्या महिन्यांत राजवाड्यात काय चालले होते? प्रभू दारोदार येतात आणि काही न घेता परततात, हे अमात्याच्या पत्नीकडून, नंदेकडून, मृगावतीला कळले. ती कासावीस झाली. राजाला तिने बोल लावला, अभिग्रहाचा शोध घ्यावयास लावले. तो अभिग्रह पुरा व्हायचा होता तो तिच्याच भाचीच्या हातून, आणि ती भाची काही गल्ल्या पलीकडे बेड्यांत होती. पारण्यानंतर राजा-राणी तेथे आली, तेव्हा चंपेहून बंदी करून आणलेल्या संपुल नावाच्या कंचुकीने वसुमतीला ओळखले आणि तिच्या पायांवर पडून रडू लागला. मृगावती म्हणाली, धारिणी माझी बहीण. हिची मुलगी ती माझीच. देवांनी वर्षावलेले सुवर्ण उचलावयास राजा आला होता. बहिणीच्या नगरीत यद्ग्रह पुकारणारा तोच हा. त्याच्याच छपराखाली चंदना दीक्षेपर्यंत राहिली.

युद्ध इतर बहिणींच्या दारीही पोहोचले. चेल्लणेचा पुत्र कूणिक हार आणि हत्ती यांसाठी आपल्या आजोबांवर, चेटकांवर, चालून गेला. माझा कालकुमार परत येईल का, असे काली राणीने प्रभूंना विचारल्याचे निरयावलिकेत आहे. तो रणात पडला होता.

मृगावतीवर पाळी आली ती बहिणीच्याच पतीकडून. तिचे चित्र पाहून प्रद्योत सैन्यासह कौशांबीवर आला. शतानीक भीतीने अतिसार होऊन मेला. पुत्र उदयन अल्पवयीन. तिने निरोप धाडला की, आधी तट बांधून द्या, कोठारे भरून द्या. प्रद्योताने सैनिकांची रांग उभी केली आणि उज्जयिनीच्या विटा हातोहात आणवल्या. तट पुरा झाला, धान्य भरले, आणि तिने दरवाजे लावून घेतले. (आपल्या कथांत स्त्रिया केवळ सोसतात, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे.) मग प्रभूंचे समवसरण झाले. मृगावतीने भर सभेत प्रद्योताकडेच दीक्षेची अनुमती मागितली आणि उदयनाला त्याच्याच हाती सोपवले. त्याच्या अंगारवती आदी आठ राण्याही तिच्यासवे निघाल्या.

साध्वी मृगावतीला गुरुणी लाभल्या त्या आर्या चंदना. ३६,००० साध्वींच्या प्रमुख, आणि नात्याने भाची.

एकदा सूर्य-चंद्र स्वतः वंदनास आले असता समवसरणात उजेड राहिला. वेळ कळली नाही आणि मृगावती रात्री उशिरा उपाश्रयी परतल्या. चंदनांनी ठपका दिला: कुलीन स्त्रीला हे शोभते का? मावशींनी एक शब्दही उलट न बोलता क्षमा मागितली. चंदना निजल्या, मृगावती पश्चात्ताप करीत बसल्या आणि त्या स्थितीतच त्यांना केवलज्ञान झाले. अंधारात एक साप चंदनांच्या पसरलेल्या हाताकडे येत होता. त्यांनी तो हात हळूच उचलून बाजूला ठेवला. चंदना जाग्या झाल्या.

“माझा हात का हलवला?”

“साप येत होता.”

“या काळोखात तो तुम्हाला कसा दिसला?”

उत्तर ऐकताच चंदना उठल्या आणि मृगावतींच्या पायांवर मस्तक ठेवून म्हणाल्या, मिच्छा मि दुक्कडं. त्याच रात्री त्यांनाही केवलज्ञान झाले.